शेवाळ कोण खाणार? तुमचे प्रश्न, टँकवाल्या ताईची उत्तरं

मागच्या अंकात फिश टँकच्या फिल्टरवर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी शेवाळाची. काच हिरवी झाली, झाडांना काळी दाढी फुटली, स्नेल, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायी, आणल्या तरी ढिम्म फरक नाही, अशी. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि फक्त हेच घेतलंय. एक आधीच सांगून टाकते म्हणजे दर उत्तरात तेच तेच नको. शेवाळासाठी प्राणी आणायच्या मी विरोधात अजिबात नाहीये, माझ्याच टँकमध्ये चार नेराइट (शेवाळ खाणाऱ्या स्नेलची एक जात) आहेत आणि डझनभर श्रिम्प, म्हणजे छोट्या कोळंब्या, पण प्राणी आणायचा तो सगळ्यात शेवटी. आधी लाईट कमी करायचा, मग खाणं कमी करायचं, मग पाणी वेळेवर बदलायचं, आणि एवढं करून जे उरेल ते नेमकं कुठल्या जातीचं शेवाळ आहे ते बघायचं आणि मग त्याला खाणारा कोण ते शोधायचं. आपण नेमकं उलट करतो, काच हिरवी दिसली की पहिली धाव दुकानात.

ताई, टँक लावून तीन आठवडे झाले. काचेवर, वाळूवर, पानांवर सगळीकडे तपकिरी पावडरीसारखा थर आलाय, बोट फिरवलं की निघतो पण दोन दिवसांत परत. दुकानदार म्हणाला सहा स्नेल आणि एक सकर टाका, आठ दिवसांत चकाचक. टाकू का?

नका टाकू. निदान आत्ता तरी नकाच.

हे डायटम आहेत, एक सूक्ष्म शेवाळच, नव्या टँकचं बाळसं म्हणा हवं तर. त्यांचं कवच सिलिकाचं असतं, म्हणजे काचेच्याच जातीचं, आणि नव्या टँकमध्ये वाळूतून, नळाच्या पाण्यातून सिलिका मिळत असतं तोवर ते मजेत वाढतात. काही आठवड्यांनी टँक स्थिरावला की बहुतेक वेळा आपोआप जातात. तोवर पाणी बदलताना स्पंजने काच पुसायची आणि वाळूवरचा थर पाईपने ओढून घ्यायचा, संपलं काम.

स्नेल आत्ता का नको, तर तीन आठवड्यांच्या टँकमध्ये फिल्टरमधले बॅक्टेरिया अजून पुरते बसलेले नसतात. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचा नायट्राइट, त्याचा नायट्रेट, ही साखळी नीट चालू व्हायला महिना-दीड महिना सहज लागतो आणि तोपर्यंत अमोनिया न् नायट्राइट दोन्ही पाण्यात असू शकतात. मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या पहिल्या टँकमध्ये दुसऱ्याच आठवड्यात मी सहा नेराइट सोडल्या होत्या, तीन दिवस त्या तळाशी झाकण मिटून पडून राहिल्या आणि मला वाटलं नवीन जागा आहे, लाजतायत. चौथ्या दिवशी वास आला. एक मेली की तिच्यामुळे अमोनिया अजून वाढतो, मग दुसरी, मग तिसरी, सहाच्या सहा गेल्या, आणि डायटम होते तिथेच.

आता सकर. दुकानात दोन इंचाचा असतो, काचेला तोंड चिकटवून बसलेला, गोड दिसतो. तो कॉमन प्लेको असतो आणि वाढून फूट-दीड फूट होतो. लहान असताना थोडंफार शेवाळ खातो हे खरं, पण मोठा झाला की माशांच्या खाण्यावरच ताव मारतो आणि त्याच्या मागे जो लांबच लांब दोरा लोंबत असतो ना तो बघा एकदा, ते सगळं पाण्यात विरघळून परत शेवाळाचंच खत होतं. म्हणजे झाडूवाला ठेवला आणि तोच घरात सगळ्यात जास्त कचरा करतोय. अगदी चिकटणारा मासाच हवा असेल तर ब्रिसलनोज बघा, तो साधारण चार-पाच इंचांत थांबतो, पण तोही टँक जुना झाल्यावर आणि एक ड्रिफ्टवूडचा, म्हणजे टँकमध्ये ठेवायच्या लाकडाचा, तुकडा ठेवून.

मी शाळेत आठवीत आहे. आमच्या टँकमध्ये एक पट्ट्यापट्ट्यांची स्नेल आहे. तिला दात दिसत नाहीत मग ती काचेवरचं शेवाळ कशी खाते? बाबा म्हणतात चाटते.

बाबा अर्धे बरोबर आहेत, चाटतेच, पण जिभेला दात असतात! त्या जिभेला रॅड्युला म्हणतात. एक पट्टी समज, आणि तिच्यावर ओळीने हजारो बारीक दात, आपल्या कानशीसारखे. पुढचे दात झिजले की मागून नवीन पुढे सरकतात, म्हणजे डेंटिस्टकडे जायला नको. समुद्राच्या खडकांवर लिम्पेट नावाची एक गोगलगाय असते, तिचे दात इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तपासले आणि 2015 मध्ये सांगितलं की तोवर माहीत असलेल्या जैविक पदार्थांमध्ये हा सगळ्यात मजबूत, कोळ्याच्या धाग्यापेक्षाही. त्यात गोएथाइट नावाचं लोखंडाचं खनिज असतं.

तू एक कर. रात्री टँकचा लाईट बंद झाल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च घे न् भिंग घे, आणि स्नेल काचेवर आली की बाहेरून तिच्या तोंडापाशी बघ. तोंड उघडतं, आतून काहीतरी पुढे येतं, काचेवरून वर घासत जातं, बंद होतं, परत उघडतं. आणि ती पुढे सरकली की मागे बघ, हिरव्या काचेवर नागमोडी बारीक बारीक खुणा राहिलेल्या असतात, कोणीतरी छोट्या ब्रशने झिगझॅग काढल्यासारख्या. मला अजूनही ते बघायला आवडतं, जेवण करपवलंय एकदा त्यापायी.

नेराइट आणल्या, काच अगदी लख्ख केली त्यांनी, पण आता ड्रिफ्टवूडवर आणि फिल्टरवर सगळीकडे तिळासारखे पांढरे ठिपके. घासून निघत नाहीत. ही अंडी आहेत का आणि शेकडो पिल्लं होणार का?

अंडीच आहेत, पण घाबरू नका, गोड्या पाण्यात नेराइटची पिल्लं वाढत नाहीत, त्यांच्या अळ्यांना खारं किंवा मचूळ पाणी लागतं. त्यामुळे संख्या वाढत नाही, हाच तर नेराइटचा मोठा फायदा. तोटा म्हणजे हेच ठिपके. नर-मादी वेगवेगळे असतात पण बाहेरून ओळखता येत नाहीत त्यामुळे फक्त नर आणू म्हणाल तर ते काही जमत नाही. काचेवरचे जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून निघतात (टँक अ‍ॅक्रिलिकचा असेल तर ब्लेड मुळीच लावू नका, चरे कायमचे राहतात). लाकडावरचे बऱ्याच दिवसांनी हळूहळू झिजतात. डोळ्यांना फारच खुपत असेल तर पुढच्या वेळी मिस्टरी स्नेल आणा, ती अंडी पाण्याच्या वर काचेवर गुलाबी घोसासारखी घालते, घोस उचलून टाकला की प्रश्न मिटला. पण काच घासण्यात ती नेराइटच्या जवळपासही नाही हेही सांगते. ते हिरवे कडक गोल ठिपके असतात ना, नखानेही न निघणारे, ते खाणारी माझ्या बघण्यात तरी नेराइटच.

स्नेलच्या शंखाचं टोक पांढरं पडत असेल, खड्डे पडत असतील तर पाणी आम्लधर्मी आहे किंवा कॅल्शियम कमी आहे. कटलबोनचा, म्हणजे समुद्रफेनाचा, एक तुकडा फिल्टरपाशी टाकून द्या.

टँकमधल्या अ‍ॅन्युबियासच्या झाडाच्या पानांच्या कडांना काळी केसाळ दाढी आली आहे. एकाने सांगितलं अल्गी इटर आणा. आणला. दाढी तशीच आहे आणि तो मासा आता बाकीच्यांच्या मागे लागतो, एकदा तर एंजल माशाच्या अंगाला चिकटलेला दिसला. काय चुकलं?

मासा चुकला. आणि ही चूक इतक्या जणांची होते की थोडं सविस्तर लिहिते.

अल्गी इटर या एका नावाखाली तीन वेगवेगळे मासे विकले जातात. तुमच्याकडचा नक्की चायनीज अल्गी इटर असणार. त्याचं तोंड खाली, चकतीसारखं, काचेला चिकटतो, सोनेरी रंगातही मिळतो. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की दहा-अकरा इंचांपर्यंत जातो, दादागिरी करतो आणि चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चोखायला लागतो. एंजल, डिस्कस, गोल्डफिश त्याला फार आवडतात. आजच वेगळा काढा, उद्यावर टाकू नका, कारण तो थर गेला की त्या जागी जखम होते आणि मग बुरशी.

तुम्हाला हवा होता तो सयामीज. त्याचं तोंड चिकटणारं नसतं, तो पानावर पुढचे पंख टेकून उभा राहिल्यासारखा बसतो. ओळख अशी की तोंडाच्या टोकापासून निघालेली काळी पट्टी डोळ्यातून थेट शेपटीच्या शेवटापर्यंत जाते, मधे थांबत नाही, आणि पंख पारदर्शक असतात. तिसरा फ्लाइंग फॉक्स, तोही काळ्या पट्ट्याचाच पण पट्टीच्या वर सोनेरी रेघ आणि पंखांवर रंग, तो दाढीला सहसा तोंड लावत नाही आणि वर भांडखोर. दुकानात तिघंही एकाच टँकमध्ये पोहत असतात आणि विकणाऱ्यालाही कधी कधी फरक माहीत नसतो, त्यामुळे काचेला नाक लावून स्वतः बघून घ्या, घाई करू नका.

पण सयामीज आणला म्हणजे झालं असंही नाही. तोही पाच-सहा इंच होतो, उड्या मारतो, छोट्या टँकचा मासा नाही, आणि एकदा तयार खाण्याची चटक लागली की दाढीकडे ढुंकून बघत नाही. म्हणजे पोटभर दाणे टाकायचे आणि वर म्हणायचं शेवाळ खात नाही, कसं खाईल?

तुमची काळी दाढी खरं तर लाल शेवाळाच्या गटातली आहे, एक पान तोडून स्पिरिटमध्ये टाकून बघा, काळा-हिरवा रंग उतरून लालसर होतं. माझा उपाय सांगते. जी पानं फारच भरलीत ती कापून टाका, अ‍ॅन्युबियास नवीन काढतं, हळू काढतं पण काढतं. बाकीचं झाड पाण्याबाहेर काढा, दाढीवर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, झाड धुऊन परत टँकमध्ये लावा. दोन-चार दिवसांत दाढी गुलाबी, मग पांढरी पडते आणि गंमत म्हणजे अशी अर्धमेली दाढी अमानो श्रिम्पसुद्धा आवडीने खातात. म्हणजे प्राणी कामाला येतात, पण आधी तुम्ही हात घाण केले तर. आणि कार्बन डायऑक्साइड देत असाल तर तो रोज सारखा द्या, एक दिवस भरपूर न् दुसऱ्या दिवशी सिलिंडर संपलाय, असं झालं की ही दाढी हमखास येते.

माशांना पांढरे ठिपके आले म्हणून औषध टाकलं. मासे बरे झाले पण वीसच्या वीस श्रिम्प एका रात्रीत मेल्या. स्नेलही उलट्या पडल्यात.

फार वाईट वाटलं वाचून. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, बहुतेक कॉपर सापडेल. श्रिम्प आणि स्नेल दोघांनाही तांबं विष आहे, माशाला जेवढं चालतं त्याच्या अगदी थोड्या अंशानेही ते मरतात. यातला विरोधाभास असा की श्रिम्पच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं जे असतं त्यातही तांबंच असतं, आपल्याकडे लोखंड तसं, पण पाण्यात मोकळं तांबं आलं की संपलं.

आत्ता लगेच मोठं पाणी बदला, फिल्टरमध्ये नवीन अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला, स्नेल जिवंत असतील तर ताबडतोब दुसऱ्या भांड्यात हलवा. तांबं वाळूत आणि सजावटीच्या दगडांत मुरून बसू शकतं, त्यामुळे नवीन श्रिम्प आणायच्या आधी कॉपरची टेस्ट करा. पुढच्या वेळी आजारी मासा बाहेर काढून औषध द्यायचं, औषध टँकमध्ये नाही.

परत आणाल तेव्हा केसासारख्या धाग्यांच्या शेवाळासाठी अमानोच आणा. जपानचे ताकाशी अमानो, झाडांचे टँक सजवण्यात ज्यांचं नाव जगभर झालं, त्यांनी 1980 च्या दशकात ह्या श्रिम्प आपल्या टँकमध्ये शेवाळासाठी वापरायला सुरुवात केली आणि नाव तेच पडलं. दोन इंचांपर्यंत वाढतात, अंगावर ठिपक्यांची ओळ असते, ठिपके लांबट रेघांसारखे असतील तर मादी. चेरी श्रिम्प दिसायला छान आणि पिल्लंही भराभर होतात पण कामात अमानो वरचढ. फक्त चोर आहेत हां, माशांना टाकलेला दाणा उचलून कोपऱ्यात पळतात, मी तर एकीला स्वतःच्या डोक्याएवढा दाणा घेऊन पोहताना बघितलंय.

निळसर हिरवी बुळबुळीत चादर, वाळूवर पसरते, ओढली की अख्खी निघते, मातकट घाण वास. दहा स्नेल आहेत, एकही तिकडे फिरकत नाही.

स्नेल हुशार आहेत. ते शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहेत, सहसा कोणी खात नाही. चादर पाईपने ओढून काढा, मग टँक जाड कापडाने तीन-चार दिवस पूर्ण झाकून ठेवा, एअर पंप चालू ठेवून, मग मोठा वॉटर चेंज. पाणी जिथे हलत नाही त्याच कोपऱ्यात येत असेल तर फिल्टरचं तोंड तिकडे वळवा.

पाणीच हिरवं झालंय, मासे दिसत नाहीत. किती स्नेल लागतील?

शून्य. तरंगणारं एकपेशीय शेवाळ आहे ते, स्नेल काच घासते, पाणी गाळत नाही. गाळणारा प्राणी म्हणजे डाफ्निया, पाण्यातले बारीक किड्यासारखे जीव, पण मासे त्यांनाच आधी फस्त करतात, त्यामुळे जाळीच्या डब्यात ठेवाव्या लागतात. सोपं म्हणजे पाणी ज्यातून फिरतं तो यूव्ही लाईट, आणि टँकवर ऊन पडत असेल तर टँक हलवा.

झाडांबरोबर बारक्या स्नेल आल्या, आता काच दिसत नाही इतक्या झाल्यात. असॅसिन स्नेल आणू का?

आधी एक बघा. एक उचलून टोक वर, तोंड तुमच्याकडे धरा. तोंड डावीकडे उघडत असेल तर ब्लॅडर स्नेल. उभयलिंगी असते, एकटी आली तरी पुरते. आणि खरं सांगू का, ह्या फुकटच्या कामगार आहेत, मऊ शेवाळ, सडकी पानं, उरलेलं खाणं सगळं खातात, चांगल्या झाडाला सहसा हात लावत नाहीत. इतक्या झाल्या याचा अर्थ त्यांना खायला इतकं मिळतंय, आणि ते तुम्हीच टाकताय. खाणं निम्मं करा, मासे मरत नाहीत. रात्री काकडीची चकती काट्याला टोचून तळाशी ठेवा, सकाळी चकती स्नेलसकट उचला, आठवडाभर रोज. असॅसिन काम करते, दुसऱ्या स्नेलला गाठून खाते, पण बारक्या संपल्या की नेराइटकडे वळू शकते, म्हणून नेराइट असतील तर मी आणणार नाही. नवीन झाडं आणली की तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून स्वच्छ धुवा, आणि एखादं अंडं वाचलंच तर कळावं म्हणून दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. स्नेल मारायचं औषध मात्र नको, कशात तांबं असतं ते वर वाचलंच असेल.

ओटो (शेवाळ खाणारे चिमुकले मासे) आणल्या सहा, शेवाळ साफ झालं, आणि मग एकेक करून तीन मेल्या. पाणी टेस्ट केलं, सगळं ठीक.

पाणी ठीक, पोट रिकामं. शेवाळ संपलं म्हणजे त्यांचं जेवण संपलं. ओटो बहुतेक नदीतून पकडून आणलेल्या असतात, प्रवासातच उपाशी राहिलेल्या, त्यामुळे आणतानाच पोट बघून घ्यायचं. काचेला चिकटली की पोट बाहेरून दिसतं, गोल हवं, आत गेलेलं असेल तर ती राहत नाही. उरलेल्या तीनसाठी झुकिनी किंवा काकडी उकळत्या पाण्यातून काढून मऊ करून ठेवा, रात्रभर, सकाळी काढा नाहीतर पाणी नासतं.

आणि एक जुगाड, जो नेराइटलाही चालतो, कारण नेराइट भाजीला तोंडच लावत नाहीत पुष्कळदा. एका बरणीत टँकचंच काढलेलं पाणी आणि सात-आठ गुळगुळीत दगड घालून उन्हाच्या खिडकीत ठेवून द्या. दहा-पंधरा दिवसांत दगड हिरवे होतात. दोन दगड टँकमध्ये, आधीचे चाटून पुसून साफ झालेले परत बरणीत. शेवाळ नको म्हणून प्राणी आणला आणि आता प्राण्यासाठी शेवाळ पिकवतोय, घरचे हसतात, हसू दे.

प्लेको फार मोठा झाला आणि मोठ्या पिवळ्या अ‍ॅपल स्नेलही खूप झाल्यात. जवळच्या तळ्यात सोडले तर त्यांना मोकळं तरी वाटेल ना?

नाही, कृपा करून नाही. गोल्डन अ‍ॅपल स्नेल खाण्यासाठी म्हणून 1980 च्या आसपास तैवानमध्ये नेली, धंदा चालला नाही, पाण्यात सुटली आणि आशियातल्या कितीतरी देशांत भाताची रोपं खात पसरली. जगातल्या सगळ्यात उपद्रवी 100 आक्रमक जातींच्या यादीत ती आहे, आणि युरोपियन युनियनने 2012 मध्ये तो अख्खा वंशच आणायला बंदी घातली, त्यात बिचारी निरुपद्रवी मिस्टरी स्नेलही सापडली. प्लेकोचंही तेच, सुटलेला मासा आज कितीतरी नद्यांमध्ये ठाण मांडून बसलाय, काठात बिळं करतो, जाळी फाडतो. दुसऱ्या कोणाला मोठा टँक असेल तर त्याला द्या, नाहीतर दुकानात परत द्या, पैसे नाही मिळाले तरी चालेल. अ‍ॅपल स्नेलचे गुलाबी घोस दिसताक्षणी काढत राहा, ते पाण्याच्या वरच असतात, चुकायचे नाहीत.

सकाळी नेराइट टँकमध्ये नव्हती, सोफ्याखाली सापडली. झाकण घट्ट बंद आहे. मेली का?

वास घेऊन बघा. मेली असती तर विचारावं लागलं नसतं. वास नसेल तर टँकच्या पाण्यात ठेवा, पण उलटी नको, पाय खाली येईल अशी, उलटी पडली की तिला स्वतःहून सरळ होता येतंच असं नाही. काही तासांत सरकायला लागेल. आणि टँकला झाकण करा, फटीही बुजवा.